धरण गाळाने भरलं आणि पक्षी आले! नांदूरमधमेश्वरची गोष्ट

पावसाळ्यात 'नांदूरमधमेश्वरमधून जायकवाडीकडे विसर्ग' ही बातमी तुम्ही दरवर्षी वाचत असाल. हे ठिकाण कांद्याच्या लासलगावइतकं प्रसिद्ध नाही, पण आहे त्याच निफाड तालुक्यात.

गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमावर ब्रिटिशांनी 1907 च्या सुमारास इथे बंधाऱ्याचं काम हाती घेतलं. हेतू सरळ होता. नदीचं पाणी अडवून दोन कालव्यांतून दुष्काळी भागाला द्यायचं. या कालव्यांच्या पाण्यावर कोपरगाव, राहाता पट्ट्यात ऊस वाढला, मागोमाग साखर कारखाने आले.

इकडे बंधाऱ्यामागे मात्र गाळ साचत गेला. इंजिनिअरच्या हिशेबात हा तोटाच, कारण तेवढं पाणी कमी मावतं. पण गाळामुळे उथळ पाणी, छोटी बेटं आणि पाणवनस्पती तयार झाल्या. पक्ष्यांना आणखी काय हवं? चित्रबलाक, चक्रवाक, थापट्या, जांभळी पाणकोंबडी, कधी रोहित... 1986 मध्ये हा परिसर अभयारण्य झाला. सलीम अली यांनी त्याला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हटल्याचं सांगितलं जातं. जानेवारी 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची घोषणा झाली. लोणारचा नंबर त्यानंतर लागला.

सगळेच या गाळावर खूश आहेत असं नाही. पूर आला की वरच्या बाजूच्या चांदोरी, सायखेडा या गावांत पाणी शिरतं. ऑगस्ट 2019 मध्येही शिरलं होतं. त्यामुळे गाळ काढा, अशी मागणी होत राहते. ती चूक म्हणता येणार नाही. पण सरसकट गाळ उपसला तर पक्ष्यांची उथळ जागाच जाईल. शिवाय नाशिकच्या सांडपाण्यावर पोसलेल्या पाणवेलींचा त्रास आहे, तो वेगळाच.

जायचंय? नाशिकहून अंतर साधारण 40 किलोमीटर, लासलगावहून निफाडमार्गे जाता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चापडगावला निरीक्षण मनोरे आहेत. पहाटेच पोहोचा, दुर्बीण न्या आणि भडक कपडे टाळा. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावण्याचा प्रकार तर अजिबात नको. रील त्याशिवायही होतं.