शाळा सुटल्यावर रिजवर: ‘कल्पवृक्ष’ची गोष्ट

कानात इयरफोन, बाहेर ट्रॅफिक, असेच ऐकताय ना? मग आज थोडं जंगलात जाऊ. पण हे जंगल ताडोबा किंवा मेळघाट नाही. हे आहे दिल्लीच्या मधोमध.

दिल्लीत ‘रिज’ नावाची खडकाळ टेकड्यांची रांग आहे. राजस्थानातून येणारी अरवली दिल्लीत येऊन संपते, तिचं हे शेपूट. हे खडक हिमालयापेक्षा कितीतरी जुने. १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्लीला वेढा घातला, तेव्हा त्यांची छावणी याच रिजच्या उत्तर टोकाला होती. काटेरी झाडं, मोर, कोल्हे. शहराला मिळालेलं फुकटचं फुप्फुसच म्हणा.

आता या १९७९ मध्ये. दिल्ली झपाट्याने वाढत होती आणि रिजचे लचके तोडले जात होते. हे बघून शाळेतली वरच्या वर्गातली आणि कॉलेजातली काही मुलं एकत्र आली. ना ऑफिस, ना पैसा, ना पद. ही मुलं रिजवर भटकायची, पक्षी-झाडं ओळखायची, इतरांना तिथे फिरायला न्यायची आणि जंगल वाचवा म्हणून आवाज उठवायची. या गटाचं नाव ‘कल्पवृक्ष’. त्या मुलांपैकी एक आशिष कोठारी, पुढे देशातले महत्त्वाचे पर्यावरण अभ्यासक झाले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पर्यावरण क्लब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? ५ जून, एक रोप, पाहुण्यांच्या हातात झारी, फोटो, संपलं. कल्पवृक्षची सुरुवात रोप लावण्यापासून झालीच नाही. जे जंगल उभं आहे, ते कोण तोडतंय आणि का, या प्रश्नापासून झाली. रोप लावल्याने कुणाला राग येत नाही. प्रश्न विचारला की येतो.

आणि एकदा प्रश्न विचारायची सवय लागली की तो रिजपुरता राहत नाही. चिपको आंदोलन समजून घ्यायला ही मुलं गढवालच्या गावांमध्ये पायी फिरली. शहरात जंगल म्हणजे मोकळी हवा. तिथल्या बायकांसाठी जंगल म्हणजे चूल, चारा आणि पाणी. पर्यावरण हा फक्त प्राणी-पक्ष्यांचा विषय नाही, माणसांचाही आहे, हे त्यांना पुस्तकातून नाही, चालून कळलं.

मग येतं १९८३. नर्मदेच्या पाणीवाटपाचा लवादाचा निवाडा १९७९ मध्येच लागला होता आणि नदीवर धरणांची मोठी मालिका आखली जात होती. कल्पवृक्ष आणि दिल्लीच्या हिंदू कॉलेजचा नेचर क्लब, या दोन गटांतली मुलं नर्मदाकाठी गेली. तब्बल ५० दिवस! काही अंतर पायी, काही बसने. गावागावांत थांबायचं, लोकांशी बोलायचं, लिहून घ्यायचं.

१९८४ मध्ये यावरचा लेख ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त छापून आला. हे साप्ताहिक आपल्या मुंबईतूनच निघतं. लेखक आशिष कोठारी आणि राजीव भरतरी. शीर्षकातच थेट प्रश्न होता: नर्मदा प्रकल्प म्हणजे विकास की विनाश? किती जंगल बुडणार, किती माणसं उठणार, आणि फायद्या-तोट्याच्या हिशोबात हे धरलंय का? आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर रिलीजच्या आधी कुणीतरी बग लिहून ठेवले होते.

पुढचा इतिहास तुम्ही ऐकला असेल. १९८५ मध्ये जागतिक बँकेने सरदार सरोवरला कर्ज मंजूर केलं. नर्मदा बचाओ आंदोलन उभं राहिलं. तेव्हाच्या धुळे, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातलं मणिबेली हे गाव त्या लढ्याचं नाव बनलं. आपल्या महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाच्या बुडीत क्षेत्रात होती. १९९२ मध्ये बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने पुनर्वसन आणि पर्यावरण, दोन्हींवर गंभीर ताशेरे ओढले. १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं.

धरण थांबलं का? नाही. १३८.६८ मीटर उंचीच्या सरदार सरोवराचं लोकार्पण २०१७ मध्ये झालं. मग मुलांचे ते ५० दिवस वाया गेले का?

मला तसं वाटत नाही. नंतर देशभर जे प्रश्न विचारले गेले, त्यातले बरेच त्या मुलांनी आंदोलन मोठं होण्याआधीच कागदावर आणले होते. ‘आम्हाला आधी माहीत नव्हतं’ असं कुणाला म्हणता येऊ नये, हीसुद्धा एक लढाई असते. आणि रिजचं म्हणाल, तर १९९४ मध्ये तिचा सुमारे ७,७७७ हेक्टर भाग राखीव वन म्हणून अधिसूचित झाला. त्यामागे अनेक लोक आणि बरीच वर्षं होती, पण सुरुवातीच्या आवाजांत या पोरांचा आवाज होता.

आज शाळाशाळांत इको-क्लब आहेत. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, २००१ मध्ये राष्ट्रीय हरित सेना सुरू झाली. तुमच्यापैकी कित्येकांनी तिचा बॅज लावला असेल. चांगलंच आहे. पण क्लब सरकारी झाला की कार्यक्रम वाढतात आणि प्रश्न कमी होतात, हा धोका असतोच. कल्पवृक्षला कुणी परिपत्रक पाठवलं नव्हतं, म्हणून काय बघायचं हे त्या मुलांनी स्वतः ठरवलं.

तेव्हा त्यांच्याकडे वही आणि पेन होतं. तुमच्या हातात कॅमेरा, नकाशा आणि जीपीएस, सगळं एकाच फोनमध्ये. घराजवळची एक टेकडी, एक ओढा, नाहीतर एक जुना वड निवडा. महिन्यातून एकदा जा, त्याच जागेवरून फोटो काढा, तारीख टाका, काय बदललं ते लिहा. राडारोडा कुणी टाकला, पाणी कधी आटलं, कुठला पक्षी आला. आणि तिथे राहणाऱ्या माणसांशी बोलायला विसरू नका.

एक वर्षाने तुमच्याकडे पुरावा असेल. ‘इथे काहीच नव्हतं’ असं कुणी म्हणालं, तर दाखवायला.

कल्पवृक्ष आजही काम करतेय, आणि मुख्य म्हणजे आपल्या पुण्यातूनच. तुम्ही कुठली जागा निवडली ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात, तोवर काळजी घ्या!