ट्रायचं डीएनडी ॲप आणि आयफोन (२०१६–२०१८): परवानगी नेमकी कोणाची?

पीएच.डी.च्या मुलाखतीत मला विचारलं गेलं होतं, “दहा वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा कसला इतिहास? ही तर बातमी झाली.” त्या वेळी उत्तर नीट देता आलं नाही. आज देता येईल असं वाटतं, म्हणून ही पोस्ट. विषय माझ्या प्रबंधातल्या एका छोट्या प्रकरणाचा आहे: मोबाइल ॲप बनवणाऱ्याला फोनमधलं काय वापरता येतं, काय नाही आणि ते कोण ठरवतं? पण पोस्टचा खरा हेतू वेगळा आहे. वर्तमानपत्रांनी आधीच सांगून टाकलेली गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यानं पुन्हा कशी वाचायची, हे एका उदाहरणावरून दाखवायचं आहे.

उदाहरण जरा गमतीचं आहे. यात प्लॅटफॉर्मच्या नियमांत अडकलेला ॲप डेव्हलपर म्हणजे कोणी स्टार्टअपवाला पोरगा नाही, तर भारत सरकारचं दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय.

आधी पार्श्वभूमी

नको असलेले जाहिरातीचे फोन आणि एसएमएस आले की तक्रार करायची सोय भारतात बरीच जुनी आहे. नको म्हणणाऱ्या ग्राहकांची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, डिसेंबर २०१० मध्ये नवे विनियम आले आणि १९०९ हा क्रमांक लोकांना माहीत झाला. पण तक्रार करायची म्हणजे काय करायचं? संदेश आल्यापासून तीन दिवसांच्या आत पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि मजकूर ठरलेल्या नमुन्यात टाइप करून १९०९ ला पाठवायचा. एवढा खटाटोप कोण करणार? एक चूक झाली की तक्रार बाद.

म्हणून २०१६ मध्ये ट्रायनं अँड्रॉइडसाठी डीएनडी ॲप काढलं. कल्पना साधी होती. ॲप फोनमधले एसएमएस आणि कॉलची यादी वाचणार, तुम्ही त्यातल्या नको असलेल्या नोंदीवर बोट ठेवायचं, बाकीचा नमुना ॲप भरणार. त्यासाठी ॲपला दोन गोष्टी वाचता यायला हव्यात: संदेश आणि कॉल लॉग.

अँड्रॉइडवर हे जमलं, कारण तिथे अशी परवानगी अस्तित्वात होती. २००८ पासून अँड्रॉइडची रीत अशी होती की प्रत्येक ॲप आपापल्या कुंपणात राहील आणि कुंपणाबाहेरचं काय हवं ते आपल्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये लिहून देईल. ती यादी वापरणाऱ्याला ॲप टाकताना दिसायची आणि सगळी मान्य करावी लागायची, नाहीतर ॲप नाही. २०१५ च्या अँड्रॉइड ६.० पासून संवेदनशील परवानग्या ॲप चालू असताना एकेक करून विचारल्या जाऊ लागल्या आणि नाकारताही येऊ लागल्या.

आयफोनवर मात्र प्रश्न “परवानगी मिळेल का” असा नव्हताच. तिथे दुसऱ्या ॲपला सगळे एसएमएस किंवा कॉल लॉग वाचू देणारा दरवाजाच नव्हता. बंद दाराला कडी असते, भिंतीला नसते. ट्रायला भिंतीसमोर उभं राहावं लागलं.

पहिलं वाचन, आणि ते का पुरेसं नाही

२०१७ मध्ये हा वाद उघड झाला. ट्रायचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी ॲपलवर जाहीर टीका केली. बातम्यांत दोन बाजू ठरून गेल्या. एक म्हणे, परदेशी कंपनी भारतीय ग्राहकाच्या विरोधात आहे. दुसरी म्हणे, सरकारला लोकांचे मेसेज वाचायचेत आणि ॲपल गोपनीयतेसाठी लढतंय.

माझ्या प्रकरणाचा पहिला खर्डा दुसऱ्या बाजूचा होता, हे कबूल करतो. गाइडनी तो वाचला आणि समासात एवढंच लिहिलं: “ॲपल नेहमीच असं होतं का?” त्या एका ओळीनं माझे दोन महिने खाल्ले.

नव्हतं. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडलं तेव्हा आणि त्यानंतर काही वर्षं आयफोनवरचं कोणतंही ॲप वापरणाऱ्याला न विचारता त्याची अख्खी पत्त्यांची वही वाचू शकत होतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘पाथ’ नावाचं ॲप ती वही आपल्या सर्व्हरवर चढवतं हे उघडकीला आलं, गदारोळ झाला, कंपनीनं माफी मागितली. त्या वर्षीच्या आयओएस ६ पासून संपर्क वाचण्याआधी विचारणं सक्तीचं झालं. म्हणजे ‘ॲपल म्हणजे गोपनीयता’ हा स्वभाव नाही, तो घडत गेलेला इतिहास आहे. कुठलं दार कधी बंद झालं आणि कुठली भिंत आधीपासून होती, हे वेगवेगळं तपासावं लागतं.

हा पहिला धडा. संस्थेला कायमचा स्वभाव चिकटवला की कालक्रम बघायचं आपण सोडून देतो.

ट्रायचा युक्तिवाद तिच्याच कागदांत

दुसरी बाजूही तशीच तपासायला हवी. ‘सरकारला पाळत ठेवायचीय’ हे म्हणणं सोपं आहे, पण त्या वर्षांतल्या तारखा एका ओळीत मांडून बघा.

९ ऑगस्ट २०१७: दूरसंचार क्षेत्रातली गोपनीयता आणि डेटाची मालकी यावर ट्रायचा सल्लामसलत मसुदा.
२४ ऑगस्ट २०१७: गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असा पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल.
१६ जुलै २०१८: ट्रायच्या शिफारशी. माहिती वापरणाऱ्याच्या मालकीची आहे, ती हाताळणाऱ्या संस्था केवळ सांभाळणाऱ्या आहेत, असं त्यांचं सूत्र.
१९ जुलै २०१८: व्यापारी संदेशांबाबतचे नवे विनियम.

शेवटच्या दोन तारखांत फक्त तीन दिवसांचं अंतर आहे. विनियमांत एक कलम असं आहे: डीएनडीसारख्या ॲपला लागणाऱ्या परवानग्या आपल्या नेटवर्कवरचे सगळे स्मार्टफोन देतील, याची खात्री मोबाइल कंपन्यांनी सहा महिन्यांत करावी. जे फोन देणार नाहीत, त्यांची नेटवर्कवरची मान्यता प्राधिकरणानं आदेश दिल्यास काढून घ्यावी. म्हणजे साध्या भाषेत, ॲप चालू द्या, नाहीतर आयफोन भारतात नुसता कॅमेरा म्हणून वापरा.

हे कलम एकटं वाचलं तर दांडगाई वाटते. तीन दिवस आधीच्या शिफारशींसोबत वाचलं तर त्यामागचा तर्क दिसतो: माझा कॉल लॉग माझा आहे, तो तक्रारीसाठी मी कोणाला दाखवायचा हे मी ठरवणार, फोन बनवणाऱ्यानं मध्ये यायचं कारण नाही. हा तर्क पटलाच पाहिजे असं नाही. कॉल लॉग फक्त माझा नसतो, मला फोन करणाऱ्या प्रत्येकाचा नंबर त्यात असतो. बँकेचे मेसेज, दवाखान्याचे मेसेज, सगळं एकाच यादीत. एका स्पॅमच्या तक्रारीसाठी सगळी वही उघडायची का, हा प्रश्न उरतोच. पण तर्क काय होता हे आधी प्रामाणिकपणे मांडायचं, मग वाद घालायचा. हा दुसरा धडा.

शेवट: कोण जिंकलं?

सप्टेंबर २०१८ मध्ये आयओएस १२ आलं. त्यात नको असलेला कॉल किंवा एसएमएस कळवण्याची नवी सोय होती. वापरणाऱ्यानं सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करायची, मग एखादी नोंद स्वतः निवडून ‘रिपोर्ट’ म्हणायचं. निवडलेली तेवढीच नोंद पुढे जाते, आणि ती ॲप स्वतः पाठवत नाही, फोनची यंत्रणा पाठवते. नोव्हेंबरच्या अखेरीस ट्रायचं ॲप आयफोनवर आलं.

बातम्यांचे मथळे साधारण एकच म्हणत होते: ॲपल नमलं. पण जरा थांबा. ट्रायला हवा होता तो लॉग वाचायचा अधिकार आयफोनवर मिळालाच नाही. विनियमांत शब्द होते ‘ॲप चालण्यासाठी लागणाऱ्या परवानग्या’. ॲपलनं परवानगी दिली नाही, ॲप चालण्याची रीतच बदलली, आणि मग जुनी परवानगी लागेनाशी झाली. ट्रायला तक्रार हवी होती, ती मिळाली. ॲपलला यादी द्यायची नव्हती, ती दिली नाही. दोघांनाही जिंकल्यासारखं वाटावं असा हा तोडगा आहे, आणि तो निघाला तो दंडाच्या सावलीतच. कलम नसतं तर एवढ्या लवकर निघाला असता का, हे सिद्ध करता येत नाही. माझ्या प्रबंधात मी ‘कलमामुळे’ असं लिहिलेलं नाही, ‘कलमानंतर’ असं लिहिलंय. एक शब्दयोगी अव्यय, पण त्यावर अख्खा दावा उभा असतो.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं

गोष्ट इथे संपवली असती तर सोयीचं झालं असतं. पण ८ ऑक्टोबर २०१८ ला गूगलनं जाहीर केलं की प्ले स्टोअरवरच्या ॲपना एसएमएस आणि कॉल लॉग वाचायची परवानगी आता सरसकट मागता येणार नाही. ज्यांचं मुख्य काम संदेशांचं किंवा फोनचं आहे, म्हणजे वापरणाऱ्यानं ज्यांना डीफॉल्ट नेमलंय, त्यांनाच ती मिळेल. बाकीच्यांनी फॉर्म भरून अपवाद मागायचा. मुदत ९० दिवस, म्हणजे जानेवारी २०१९ ची सुरुवात. अर्ज केलेल्यांना पुढे मार्चपर्यंत वेळ मिळाला.

आता दोन्ही मुदती शेजारी ठेवा. ट्राय म्हणते, जानेवारी २०१९ च्या मध्यापर्यंत सगळ्या फोनांनी ही परवानगी द्यावी. गूगल म्हणतं, जानेवारी २०१९ च्या सुरुवातीपर्यंत बहुतेक ॲपनी हीच परवानगी सोडावी. एकाच महिन्यात, एकाच गोष्टीबद्दल, उलट्या दिशेचे दोन हुकूम. आणि दोन्ही हुकूम वापरणाऱ्याच्या भल्याच्या नावानं.

मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते. २००८ मध्ये ‘परवानगी’ वापरणाऱ्यानं ॲपला दिलेली असायची, निदान कागदोपत्री. कागदोपत्रीच, कारण २०१२ च्या बर्कलीच्या एका अभ्यासात ॲप टाकताना ती यादी लक्ष देऊन बघणारे लोक १७ टक्केच निघाले होते. २०१८ च्या अखेरीस डेव्हलपर ती आधी प्लॅटफॉर्मकडे मागतो आणि ती मिळाली तरच वापरणाऱ्यासमोर प्रश्न येतो. शब्द तोच राहिला, देणारा बदलला. मराठीत ‘परवानगी’ हा शब्द फारसीतल्या ‘परवाना’शी जोडलेला आहे, आणि परवाना वरून खाली येतो. २०१८ नंतरचा अर्थ या जुन्या अर्थाच्या जास्त जवळ गेला, असं म्हणायला हरकत नाही.

लहान डेव्हलपरला हा बदल सगळ्यात जास्त बोचला. ट्रायकडे विनियम काढायची ताकद होती. बँकेचे मेसेज वाचून घरखर्चाचा हिशेब ठेवणारं ॲप काढणाऱ्या दोघा-तिघांकडे एक फॉर्म होता. पैशाच्या हिशेबाच्या ॲपना गूगलनं अपवादांच्या यादीत जागा दिली, पण ती फॉर्म मंजूर होण्यावर अवलंबून. आणि त्यांचा इतिहास लिहायचा तर साधनं कुठे आहेत? विनियम राजपत्रात सापडतात. नाकारलेले फॉर्म कुठल्याच दप्तरात सापडत नाहीत. आपल्या साधनांचा कल कोणाकडे झुकलाय हे प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात लिहून टाका. परीक्षक विचारायच्या आत.

करून बघा

सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्यांसाठी एक सराव. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं डिजिटल कर्जाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. कर्ज देणाऱ्या ॲपनी फोनमधल्या फाइल, संपर्क यादी, कॉल लॉग वगैरेंना हात लावू नये असं त्यात आहे, कारण वसुलीवाले संपर्क यादीतल्या नातेवाइकांना फोन करून कर्जदाराची अब्रू काढत होते. २०२३ मध्ये गूगलनंही प्ले स्टोअरच्या कर्ज ॲपच्या धोरणात संपर्क आणि फोटोंवर बंदी घातली. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा. कोणत्या यादीत काय आहे, काय नाही, ‘इत्यादी’ हा शब्द कुठे आलाय, हे एका कागदावर लिहा. बंदी घालणारा कोण, मोडली तर शिक्षा कोणाला, आणि कर्जदाराला दाद कुठे मागता येते, असे तीन रकाने करा.

तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.