बाराकुडाची कुकीर्ति

वेस्ट इंडीज बेटांच्या इतिहासांत एका आरोपीची बाजू ऐकावयाची राहून गेली आहे. तो आरोपी म्हणजे बाराकुडा मासा. भाल्यासारखें लांब अंग, पुढें आलेला खालचा जबडा आणि सुऱ्यांसारखे दांत, असें त्याचें रूप आहे. तो आपल्या अरबी समुद्रांतहि आढळतो. परंतु त्याची कुकीर्ति लिहिली गेली ती कॅरिबियन समुद्राच्या कांठीं.

सन १६५८ मध्यें रोशफोर ह्यानें फ्रेंच भाषेंत आंटिल बेटांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यांत नरमांसाला चटावलेल्या जलराक्षसांमध्यें बाराकुडास मानाचें स्थान आहे. पुढें १६८७ सालीं हॅन्स स्लोन हा वैद्य नव्या गव्हर्नराबरोबर जमैकास गेला. ह्याच स्लोनच्या संग्रहावर १७५३ सालीं ब्रिटिश म्युझियमची स्थापना झाली. तेव्हां त्यास गप्पिष्ट म्हणून सोडून देतां येत नाहीं. पण तोहि सांगतो कीं, हा मासा गोऱ्या मनुष्यापेक्षां काळा मनुष्य, कुत्रा व घोडा ह्यांसच अधिक पसंत करितो!

माशाला वर्णभेद कळतो काय? जमैकांत त्या काळीं उंसाचे मळे होते व ते कसणारे आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम होते. कमरेइतक्या पाण्यांत शिरून जाळें ओढणें, होडींतील माल उतरविणें, घोडे धुणें, हीं कामें कोणाच्या वांट्यास येत असतील हें सांगावयास नको. धनी कोरड्या वाळूवर उभा. मग चावा बसावयाचा कोणास? गुलाम, कुत्रा व घोडा ही यादी माशानें केलेली नाहीं. ती मळेवाल्याच्या मालमत्तेच्या वहींतली आहे.

वास्तविक हा मासा माणसास क्वचितच चावतो, आणि तेंहि बहुधा चकाकणाऱ्या वस्तूस मासळी समजून.

दुसरा आरोप विषाचा. तो मात्र खरा आहे. ह्या विषबाधेस सिग्वातेरा म्हणतात. क्यूबांत आंतोनियो पारा ह्यानें १७८७ च्या आपल्या ग्रंथांत तिची हकीकत दिली आहे. त्याचें स्वतःचें कुटुंबच तींत सांपडलें होतें. तथापि विष बाराकुडाचें नव्हे. प्रवाळावरील शेवाळांत राहणारा एक सूक्ष्म जीव तें निर्माण करतो, हें १९७० नंतरच्या दशकांत पॅसिफिकमधील गांबिए बेटांवर उघड झालें. शेवाळ खाणारे लहान मासे, त्यांस खाणारा बाराकुडा, अशा पायऱ्यांनीं तें साठत जातें. शिजवून तें जात नाहीं. मासा शिजतांना भांड्यांत रुप्याचें नाणें टाकावें, काळें पडलें तर मासा विषारी, अशी जुनी समजूत आहे. पण नाणें लखलखीत राहिलें तरी विष आंत असूं शकतें.