मुंबईपासून वेळणेश्वरपर्यंत : दिव्यांग पुनर्वसनाची वाटचाल

भारतातील दिव्यांगविषयक धोरणाचा इतिहास बहुधा १९९५ आणि २०१६ या दोन कायद्यांभोवती सांगितला जातो. कायद्यांचे महत्त्व मोठे आहे, पण हा इतिहास त्यांच्या बराच आधी सुरू होतो आणि तो सगळीकडे सारख्या वेगाने पोचलेला नाही. गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे समुद्रकाठचे गाव. शंकराचे देऊळ, नारळी-पोफळीच्या बागा, उतारावर विखुरलेल्या वाड्या आणि त्यांना जोडणाऱ्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या पाखाड्या. अशा गावाच्या बाजूने पाहिले तर दोन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. अपंगत्व कोणी आणि कसे मोजायचे? आणि मदतीसाठी माणसाने घरापासून किती लांब जायचे?

ब्रिटिश काळातील पहिले कायदे मदतीचे नव्हते, वेगळे ठेवण्याचे होते. मनोरुग्णांसाठी १८५८ मध्ये आणि नंतर १९१२ मध्ये कायदे झाले, कुष्ठरोग्यांसाठी १८९८ चा कायदा आला. निराधार कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात ठेवण्याची मुभा त्याने दिली होती, आणि तो पूर्णपणे रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. रत्नागिरी शहरातील मनोरुग्णालय १८८६ चे. ज्याला आज दिव्यांगत्व म्हटले जाते त्यासाठी सरकार या जिल्ह्यात प्रथम पोचले ते अशा रुग्णालयाच्या रूपाने. आंधळ्या, बहिऱ्या, पायाने अधू माणसाची जबाबदारी मात्र घराचीच राहिली. पडवीत बसून होतील ती कामे तो करी. त्याची काळजी बहुतेक घरातल्या बायका घेत, आणि त्या कष्टांची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात झाली नाही.

शिक्षणाची सुरुवात धर्मादाय हातांनी आणि मुंबईत झाली. माझगावला १८८५ च्या सुमारास कर्णबधिर मुलांची शाळा निघाली. १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली, तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. कोकणातल्या मुलाला अशा शाळेत घालायचे म्हणजे लहान वयात बोटीने मुंबईला धाडायचे. ते धाडस फारच थोड्या घरांना जमण्यासारखे होते. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी ठरली ती १९५१ मध्ये. राष्ट्रीय अंधजन मंडळ १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झाले.

कोकणाचा या विषयाशी खरा जुना संबंध मात्र शाळांमुळे आला नाही, तो गिरण्यांमुळे आला. मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील कामगारांचा भरणा मोठा होता. यंत्रात बोटे गेली, हात गेला, तर चाकरमानी गावी परतत असे आणि घरची मनीऑर्डर बंद होई. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अशा इजेला प्रथमच पैशात मोजले. कायद्याच्या परिशिष्टात एकेका इजेपुढे कमाईची क्षमता किती टक्के गेली याचा आकडा दिलेला होता. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हीच पद्धत पुढे नेली. अपंगत्व टक्क्यांत सांगायची सवय भारतीय प्रशासनाला लागली ती येथून, आणि ती अजून सुटलेली नाही. त्या कायद्यांचा उपयोग निःसंशय झाला. पण गिरणीत तुटलेल्या हाताला भरपाई होती, आणि त्याच कामगाराचा भाऊ गावी माडावरून पडून कमरेखाली लुळा झाला तर त्याला काहीच नव्हते. पगारी नोकरी असेल तरच इजा मोजली जाई.

उपचारापलीकडचे पुनर्वसन ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाने आणि पोलिओने आणली. जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. मुंबईत फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी त्यांनी मद्रासचे अस्थितज्ज्ञ डॉ. किणी यांना गाठले, आणि मुलगी सुधारू लागली तेव्हा हे उपचार इतर मुलांनाही मिळाले पाहिजेत या ध्यासाने १९४७ मध्ये मुंबईत पोलिओचे चिकित्सालय सुरू केले. त्यातूनच हाजी अलीजवळचे मुलांचे अस्थिरुग्णालय वाढले. १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था त्याच परिसरात स्थापन झाली.

याच काळात कमला निंबकर यांनी केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचा विभाग उभारला. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी घरात आलेल्या. १९५० मध्ये त्यांनी सुरू केलेले विद्यालय आशियातील या विषयाचे पहिले मानले जाते. शर्टाची गुंडी लावणे, वाटीतून घास उचलणे, पुन्हा लिहिता येणे अशा रोजच्या क्रिया माणसाला परत मिळवून देणे हे त्या शास्त्राचे काम. भौतिकोपचाराचे शिक्षणही १९५३ मध्ये केईएममध्येच सुरू झाले. देशातील पुनर्वसनाचा पाया बऱ्याच अंशी परळ ते हाजी अली या दोन-तीन मैलांच्या टापूत घातला गेला, आणि तो घालण्यात स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. धोरणाच्या इतिहासात त्यांची नावे मागे पडतात, हे योग्य नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी जयवकील शाळा १९४४ पासून मुंबईत होती. कुष्ठरोग्यांसाठी शिवाजीराव पटवर्धनांचे अमरावतीचे तपोवन १९४६ मध्ये आणि बाबा आमट्यांचे आनंदवन १९४९ मध्ये उभे राहिले. आनंदवनाने बरे झालेल्या माणसाला शेती आणि कारागिरी दिली. त्याच्या हाताला काम हवे, दानाचे अन्न नको, हा विचार सरकारी योजनांच्या पुष्कळ पुढे होता. सरकारने रोजगाराकडे पाहिले ते १९५९ मध्ये, मुंबईत अपंगांसाठी खास सेवायोजन कार्यालय उघडून. केंद्र सरकारच्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखल्या गेल्या १९७७ मध्ये.

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष जाहीर केले. त्या वर्षीच्या जनगणनेत अपंगांची मोजणी झाली खरी, पण ती पूर्ण अंध, पूर्ण पांगळे आणि पूर्ण मुके एवढ्यांचीच. १९९१ मध्ये तर प्रश्नच वगळला गेला. साधने मोफत किंवा सवलतीत देण्याची केंद्राची योजनाही १९८१ चीच. महाराष्ट्रात त्याच सुमारास, १९८० मध्ये, संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. गावातल्या अपंगाच्या हाती दरमहा थोडे रोख पैसे पडू लागले ते या योजनेने, तहसील कचेरीच्या मार्फत. वेळणेश्वरसारख्या गावात आजही दिव्यांगांविषयीचे सरकार म्हणजे अनेकांच्या लेखी हीच योजना. वांद्र्याला श्रवणविकलांगांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये निघाली. १९८५ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा पुनर्वसन केंद्रांच्या प्रयोगात महाराष्ट्रातून विरारची निवड झाली. सेवा गावाकडे न्यायची हा त्या योजनेचा हेतू चांगला होता, पण विरारही मुंबईच्या लोकलवरचेच ठिकाण.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड ही संस्था उभारली. पुढे तिचे काम सिंधुदुर्गातही गेले आणि तेथे चाकाच्या खुर्चीतील माणसे काजू प्रक्रियेचा उद्योग चालवू लागली. कोकणच्या मातीतल्या पिकावर कोकणातच रोजगार देणारा हा प्रयत्न किनारपट्टीच्या दृष्टीने कुठल्याही राष्ट्रीय संस्थेइतकाच मोलाचा आहे.

आशिया-पॅसिफिक देशांची १९९२ मध्ये बीजिंगला परिषद झाली आणि अपंग व्यक्तींसाठी एक दशक जाहीर करण्यात आले. त्या वचनाला धरून, आणि अपंगांच्या संघटनांनी लावून धरल्यामुळे, संसदेने डिसेंबर १९९५ मध्ये समान संधी कायदा केला. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, सरकारी नोकरीत तीन टक्के राखीव जागा होत्या आणि लाभासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट होती. दयेच्या जागी प्रथमच हक्काची भाषा आली. मात्र अनेक कलमांत ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पुस्ती जोडलेली होती, आणि तिने कायद्याची बरीच ताकद काढून घेतली.

चाळीस टक्क्यांचा दाखला ही आता सगळ्या सवलतींची किल्ली झाली, आणि दाखला जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाकडे. वेळणेश्वरहून रत्नागिरीला जायचे तर एक वाट चिपळूणवरून महामार्गाने, दुसरी तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून. एसटीच्या तिकिटात दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, पण ती मिळायला आधी दाखला हवा, आणि दाखल्यासाठी प्रवास पूर्ण भाड्याने. त्यातही एसटीची पायरी उंच, आणि थांब्यापर्यंत पोचायला पाखाडी उतरणे आलेच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरच्यांनी उचलूनच न्यावे लागते. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील दिव्यांगांपैकी केवळ २८.८ टक्के लोकांकडे दाखला असल्याचे आढळले, यात नवल नाही.

पुढच्या वर्षांत कायद्यांचा वेग वाढला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास स्थापणारा कायदा झाला. आपल्यामागे मुलाचे कोण करील, या आईबापांच्या काळजीला त्याने पालकत्वाची कायदेशीर वाट दिली. २००६ मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर झाले आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर शिक्कामोर्तब केले. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांगांची नोंद झाली. देशातील आकड्यापैकी सुमारे १.८६ कोटी लोक खेड्यांत राहणारे होते, तरी २०१५ च्या सुगम्य भारत अभियानाची सुरुवात निवडक शहरांतील इमारतींपासूनच झाली.

नवा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मंजूर होऊन १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रकार सातांवरून एकवीस झाले, नोकरीतील राखीव जागा चार टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात पाच टक्के झाल्या. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, ॲसिडहल्ल्याने आलेले व्यंग अशा ज्यांना आधी जागाच नव्हती त्यांना ती मिळाली. चाळीस टक्के मात्र तसेच राहिले. पाठीचा कणा दुखावलेला माणूस सपाट शहरात चाकाच्या खुर्चीतून कामाला जाऊ शकतो. तेवढीच इजा झालेला माणूस पाखाडीच्या माथ्यावरच्या घरातून अंगणाबाहेर पडू शकत नाही. दाखल्यावर दोघांचा आकडा एकच असतो.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करण्याचे बंधन आहे. आधी हा वाटा तीन टक्के होता. गावाच्या पातळीवर खर्च ठरवता येईल अशी ही तरतूद सगळ्यांत जवळची आहे, कारण हातकठडा कोठे हवा आणि पायऱ्यांशेजारी उताराची वाट कोठे बसेल हे गावालाच ठाऊक असते. पण लहान गावाचे स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी; त्याच्या पाच टक्क्यांत मोठे काम होत नाही. जिल्ह्यात दापोलीचे कर्णबधिर विद्यालय आणि मंडणगड तालुक्यात घराडीचे स्नेहज्योती अंध विद्यालय आहे, म्हणजे मुलाला मुंबईला धाडण्याची सक्ती उरलेली नाही. घर मात्र त्याला अजूनही सोडावे लागते.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग निर्माण केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष करण्यास केंद्राला सांगितले. २०१६ च्या कायद्यात आणखी एक कलम आहे, ज्याची चर्चा कमी होते: दिव्यांगांचे अर्थसाहाय्य इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असले पाहिजे. संजय गांधी योजनेची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाली तेव्हा ती सर्व लाभार्थ्यांना सारखीच होती. दिव्यांगांसाठी ती २५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला.