बेटे, लेणी आणि भरती : ठाणे-कल्याण खाडीमार्गावरील जलसफरीचा इतिहास

प्रस्तावना

ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील पर्यटन कंपन्यांच्या पत्रकांत थायलंडमधील फुकेत किंवा क्राबी येथील एक दिवसाची सफर हमखास असते. सकाळी वेगवान बोटीत बसायचे, एकामागून एक बेटे पाहायची, मध्ये पोहायचे, समुद्रातील गुहा पाहायच्या आणि सूर्यास्तापूर्वी परत यायचे, असा तिचा क्रम असतो. मध्यमवर्गीय कुटुंबे त्यासाठी हजारो रुपये खर्च करतात. त्यात आक्षेपार्ह असे काही नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला हे पत्रक वाचताना एक गोष्ट खटकते. बेटे, गुहा आणि त्यांना जोडणारे पाणी या तिन्ही गोष्टी ज्या प्रदेशात दोन हजार वर्षे एकत्र नांदल्या, त्याच प्रदेशातील रहिवाशांना आज ही सफर परदेशी वाटते. साष्टी हे बेट आहे, हे येथील पदवीच्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. पूर्वेस ठाण्याची खाडी आणि उत्तरेस वसईची खाडी नकाशावर दाखवल्यावरच ते त्याला पटते.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांची सहल घारापुरीस नेली असता हाच अनुभव आला. डोंबिवलीहून लोकलने मुंबई, तेथून बसने गेटवे ऑफ इंडिया आणि मग लाँचने तासभर, असा तो प्रवास होता. परतताना चेंदणी कोळीवाड्यातील एका विद्यार्थिनीने विचारले की, आमच्या बंदरातून निघालो असतो तर सरळ येथेच आलो नसतो का? त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत निबंध त्या प्रश्नातून लिहिला गेला आहे. लेण्यांचा इतिहास शिल्प, धर्म व राजवंश यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला. ती ज्या जलमार्गावरील ठिकाणे होती त्या मार्गाचा इतिहास मात्र जवळजवळ लिहिलाच गेला नाही, असे माझे मत आहे.

कल्याण बंदर आणि लेणी

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत कल्याणचा उल्लेख आहे. थोरल्या सरगनाच्या काळात हे बंदर अधिकृत बाजारपेठ होते. पुढे ते सॅन्डनीसच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापारास अडथळा झाला आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे त्यात म्हटले आहे. सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लुस्टिस यानेही कल्याणची गणना मोठ्या बंदरांत केली. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या गावाला बंदर का म्हणावे, असा प्रश्न आजच्या वाचकास पडेल. उत्तर उल्हास नदीत आहे. भरतीचे पाणी कल्याणपर्यंत चढते, आणि नाणेघाटातून जुन्नरकडे जाणाऱ्या मालाला जहाजातून उतरवून बैलांच्या पाठीवर चढवण्यास याहून आतली जागा मिळत नव्हती.

कान्हेरी येथील शंभराहून अधिक लेण्यांतील शिलालेखांत दात्यांच्या गावांची नावे येतात. त्यांत कल्याणचे नाव वारंवार आढळते. व्यापाऱ्यांबरोबर सोनार व लोहार यांसारखे कारागीरही त्या दात्यांत आहेत. सोपारा व चौल येथील दातेही आहेत. या नोंदी आपण सामान्यतः बौद्ध संघाला मिळालेल्या आश्रयाचा पुरावा म्हणून वाचतो. त्या जलमार्गाच्या नोंदी म्हणूनही वाचता येतात, कारण सोपारा, कल्याण व चौल ही तिन्ही खाडीकाठची बंदरे आहेत आणि साष्टी बेटावरील कान्हेरीला पोचण्यास त्या सर्वांनाच पाणी ओलांडावे लागत होते. घारापुरीची गोष्ट अधिक उघड आहे. त्या बेटावरील मोराबंदर, शेतबंदर व राजबंदर या तिन्ही वस्त्यांच्या नावांत 'बंदर' आहे, आणि मोराबंदर परिसरात रोमन मद्यकुंभांचे तुकडे सापडले आहेत. सहाव्या शतकातील शैव लेणे कोरले जाण्यापूर्वीच तेथे परदेशी माल उतरत होता. शिलाहारांनी स्थानक म्हणजे ठाणे येथून उत्तर कोकणचा कारभार केला, तोही या खाड्यांच्या आधाराने. अंबरनाथचे 1060 मधील शिवमंदिर त्याच प्रदेशात उभे राहिले.

येथे एक प्रशासकीय गंमत नोंदवण्याजोगी आहे. आज घारापुरी रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात मोडते. परंतु 1882 च्या मुंबई गॅझेटिअरमध्ये तिचे वर्णन ठाणे जिल्ह्याच्या खंडात आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नामागील भूगोल गॅझेटिअरच्या संपादकांना मान्य होता, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रवासी आणि त्यांची बोट

पोर्तुगीजांना 1534 मध्ये वसईचा प्रदेश मिळाला. त्यानंतर युरोपीय प्रवाशांची लेण्यांना भेट देण्याची परंपराच सुरू झाली. जुआंव द कास्त्रो याने 1538 च्या सुमारास ही लेणी पाहिली. दियोगु द कोतू याने घारापुरीचा एक शिलालेख पोर्तुगालच्या राजाकडे पाठवल्याचे लिहिले. तो लेख पुढे कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर 1673 च्या अखेरीस मुंबईस आला. पुढील दीड-दोन वर्षांत त्याने घारापुरी, ठाणे, कान्हेरी आणि वसई ही ठिकाणे पाहिली, आणि 1675 मध्ये जुन्नरच्या मुघल सुभेदाराच्या बोलावण्यावरून कल्याणमार्गे घाट चढून तो वर गेला. कल्याणात त्याला मुसलमानी काळातील भव्य इमारतींचे अवशेष दिसले. त्याचे प्रवासवर्णन 1698 मध्ये प्रसिद्ध झाले. 1695 मध्ये इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी याने कान्हेरीचे सविस्तर वर्णन लिहिले. 1825 मध्ये बिशप हेबर यानेही घारापुरी, कान्हेरी व वसईचे भग्नावशेष पाहिले. त्याचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर 1828 मध्ये छापले गेले.

या सर्व लेखनाचा उपयोग आपण शिल्पांच्या तत्कालीन स्थितीसाठी करतो, आणि तो रास्तच आहे. घारापुरीच्या धक्क्याजवळील ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाचे नाव ठेवले, त्याचे मस्तक व मान 1814 मध्ये कोसळली. तो मुळात कसा दिसत होता हे आधीच्या प्रवाशांमुळेच कळते. पुढे त्याचे अवशेष मुंबईस आणले गेले आणि जोडलेला हत्ती आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात उभा आहे. पण या वर्णनांत मचवा वल्हवणारा तांडेल कोण, त्याने निघण्याची वेळ कशी ठरवली, पाणी उतरल्यावर बोट कोठे थांबवली, यांविषयी फारसे काही येत नाही. साहेब लेणे पाहत असता खलाशी काय करीत होते, हा प्रश्न प्रवासवर्णनकारांना पडला नाही. नंतरच्या इतिहासकारांनाही तो फारसा पडलेला दिसत नाही.

भरतीचे वेळापत्रक

वस्तुतः या सफरीचे वेळापत्रक खलाशीच ठरवीत असे, आणि ते पंचांगावर आधारलेले होते. कोकण किनाऱ्यावर सर्वत्र परिचित असलेला हिशेब असा की, तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागावे. येणारा आकडा म्हणजे भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ. अष्टमीस सहा वाजता, चतुर्दशीस साडेदहाच्या सुमारास, अमावास्या व पौर्णिमेस बाराच्या आसपास. मुंबई बंदरासाठी हा हिशेब चालतो. खाडीत आत जावे तसतशी भरती काहीशी उशिरा पोचते. भरती साधारण सहा तास चढते आणि तितकाच वेळ उतरते. उधाणात पाण्याची पातळी चार-पाच मीटरपर्यंत बदलते, तर अष्टमी-नवमीच्या भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असतो.

हा हिशेब नकाशावर ठेवला की प्रवासवर्णनांतील पुष्कळ गोष्टी उलगडतात. साष्टीभोवती दोन्ही बाजूंनी पाणी चढते : दक्षिणेकडून मुंबई बंदरातून आणि पश्चिमेकडून वसईच्या मुखातून. कळव्याच्या बाजूचा अरुंद व उथळ फाटा या दोन्ही पाण्यांना जोडतो. म्हणून अमावास्येस पहाटे मुंबईहून निघालेला मचवा चढत्या पाण्याबरोबर दुपारपर्यंत ठाण्यास पोचावा, फाट्यात पुरेसे पाणी असतानाच त्याने तो ओलांडावा आणि मग उतरत्या पाण्याबरोबर घोडबंदरमार्गे सायंकाळी वसईस लागावे, हा क्रम नैसर्गिक ठरतो. उलट, ठाण्याहून घारापुरीस जाऊन त्याच दिवशी परतायचे तर अष्टमीच्या आसपासचा दिवस सोयीचा. सकाळी सहा-सातला ओहोटी धरून निघावे, दुपारी बेट पाहावे, आणि चढत्या पाण्याबरोबर दिवेलागणीला घरी यावे. घारापुरीची महाशिवरात्रीची जत्रा माघ वद्य चतुर्दशीस भरते. त्या दिवशी खाडीतील गावांहून सकाळच्या भरतीनंतर निघालेली होडी दुपारनंतर बेटावर पोचते, आणि अंधारात परतण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळची भरती धरणे केव्हाही सुरक्षित. रात्रीच्या जागरणाची प्रथा धार्मिक आहे, याबद्दल वाद नाही. पण ती पाण्याच्या वेळेशी किती जुळते हे पाहण्यासारखे आहे. हे माझे अनुमान आहे आणि ते तसेच समजावे.

अडवलेले पाणी

ज्याच्या हाती ठाणे, त्याच्या हाती हा मार्ग. मुंबई इंग्रजांकडे आल्यानंतर तेथील अधिकारी ठाणे व करंजा येथील पोर्तुगीज जकातीविरुद्ध सातत्याने तक्रारी करीत राहिले, त्याचे कारण हेच. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर तेथे जहाजे बांधण्यास प्रारंभ केला. ही जहाजे समुद्रात जाऊ नयेत म्हणून पोर्तुगीज अधिकाऱ्यांची झालेली धावपळ त्यांच्या 1659 च्या पत्रव्यवहारात दिसते. कल्याणात बांधलेल्या गलबताला समुद्र गाठण्यास पोर्तुगीजांच्या ठाण्यावरून किंवा त्यांच्याच वसईवरून जावे लागत होते. मराठी आरमाराचा आरंभ नदीकाठी झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या नदीचे मुख दुसऱ्याच्या ताब्यात असल्याची अडचण मात्र क्वचितच सांगतो. मराठ्यांनी 1737 मध्ये ठाणे व 1739 मध्ये वसई घेतली, आणि 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी व ठाणे जिंकले.

रेल्वे आणि तदनंतर

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी आली. पुढील वर्षी लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत पोचला. प्रवासी पाण्यावरून जमिनीवर गेले. मीठ, गवत, विटा, रेती असा जड माल पुढेही मचव्यांतून जात राहिला, आणि मुंब्र्याच्या रेतीबंदरासारख्या नावांत तो अजून शिल्लक आहे. घारापुरीची सफर मात्र मुंबईच्या अपोलो बंदराची झाली. नोव्हेंबर 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी लेण्यातच मेजवानी झाली, तेव्हा पाहुणे वाफेच्या बोटींतून आले. लेणे हे मुंबईच्या पाहुण्यांना दाखवण्याचे स्थळ बनले. कल्याण-ठाण्याचा त्याच्याशी असलेला संबंध पुस्तकातही उरला नाही. 1987 मध्ये युनेस्कोने घारापुरीस जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. खुद्द बेटावर समुद्राखालील केबलने वीज पोचण्यास मात्र 2018 साल उजाडावे लागले.

यंत्राने भरतीचे वेळापत्रक मोडले. आता बोट कोणत्याही तिथीला, कोणत्याही वेळी निघते. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि 15 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर प्रवाशांना जीवरक्षक जाकीट सक्तीचे झाले. बंदरातील पाणी आता वेगाचे आहे, आणि त्या पाण्यात कोणी कोठून जावे याचे नियम प्रवाशाला ठाऊक नसतात. मचव्याच्या काळातही माणसे बुडत. परंतु उतारूला निदान पाणी चढते आहे की उतरते आहे, एवढे तरी माहीत असे.

जलमार्गाचा विचार पुन्हा होतो आहे. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यान्वये कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग, वसईची खाडी व उल्हास नदी मिळून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 घोषित झाला. त्याची लांबी 145 किलोमीटर आहे. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली येथील जेट्टींचा त्याच्या आराखड्यात समावेश होता. वसई-भाईंदर रो-रो सेवा 2024 मध्ये सुरू झाली. ऐरोलीहून रोहित पक्षी पाहण्यासाठी निघणाऱ्या बोटी मात्र आजही भरती पाहूनच सुटतात. 2015 मध्ये अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर स्थळ म्हणून घोषित झालेल्या ठाणे खाडीत जुना हिशेब टिकून आहे तो पक्ष्यांमुळे. ओहोटीच्या चिखलावर ते कधी उतरतील, हे यंत्राला ठरवता येत नाही.

गाळाने भरत आलेल्या पात्रात खोल पाणी कोठे, खडक कोठे, कोणत्या वळणावर होडी काठाला ठेवावी, हे नव्या आराखड्यासाठी यंत्रांनी मोजता येईल. तेच ज्ञान चेंदणी, मोठागाव व कल्याणच्या खाडीकाठच्या वृद्ध नाखव्यांकडेही आहे, आणि त्याची लेखी नोंद माझ्या पाहण्यात नाही. आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी ती घेण्यास सुरुवात केली आहे. पहिली मुलाखत त्याच विद्यार्थिनीने आपल्या आजोबांची घेतली. ठाण्याहून घारापुरीस सरळ येता आले असते का, या तिच्या प्रश्नावर त्यांनी आधी उलट विचारले, सहल कोणत्या तिथीला होती. ते तिने लिहून ठेवले नव्हते. मी जुन्या दिनदर्शिकेत पाहिले. त्या दिवशी नवमी होती.