मुखपट्टीचं कूळ

कोरोनाच्या साथीत, 2020 सालच्या उन्हाळ्यात, नेवाशाच्या बाजारात एकाच वस्तूला तीन नावं होती. वर्तमानपत्रात ‘मुखपट्टी’, दुकानात ‘मास्क’ आणि शिवारातून आलेल्या माणसाच्या तोंडी ‘मुसकं’. कोळपताना बैलानं पिकाला तोंड लावू नये म्हणून घालतात, ते मुसकं.

यातलं मुखपट्टीचं कूळ सगळ्यात जुनं, आणि नगर जिल्ह्याला ते कधीच परकं नव्हतं. चातुर्मासात जैन स्थानकात मुक्कामाला आलेले साधू-साध्वी इथल्या पेठांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेत. पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीत 1900 साली जन्मलेले आचार्य आनंदऋषीजी तसबिरीतही तोंडावरच्या पांढऱ्या पट्टीसकटच दिसतात. ही मुहपत्ती. कानाला ‘पट्टी’ वाटते, पण जुना प्राकृत शब्द ‘मुहपोत्ति’ असा आहे. पोत्ति म्हणजे कापड. आपण कापडाचा ‘पोत’ म्हणतो, तो याच घराण्यातला. ‘उत्तराध्ययन’ सूत्रात साधूच्या दिनक्रमात तिचं पडिलेहण, म्हणजे ती उलगडून नीट निरखणं, सांगितलं आहे. स्थानकवासी साधू ती आठ पदरी करून दोऱ्यानं कानांवर बांधतात. मूर्तिपूजक साधू हातात ठेवतात आणि बोलताना तोंडासमोर धरतात.

तिचा रोगाशी संबंध नव्हता. आपल्या उष्ण श्वासानं हवेतले जीव दुखावू नयेत, बोलताना ग्रंथावर थुंकी उडू नये, एवढ्यासाठी ती. मला यातली दिशा फार मोलाची वाटते. बांधणारा स्वतःला वाचवत नाही, आपल्यापासून दुसऱ्याला वाचवतो.

नेमकी हीच दिशा 1897 साली युरोपात ब्रेस्लाऊ शहरात सापडली. आज ते पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. तिथले आरोग्यशास्त्रज्ञ कार्ल फ्ल्यूगे दाखवत होते की माणूस खोकला नाही, नुसता बोलला तरी तोंडातून जंतू घेऊन बारीक तुषार उडतात. ते ऐकून तिथलेच शल्यवैद्य योहान मिकुलिच तोंडावर जाळीदार कापड बांधून शस्त्रक्रिया करू लागले. रोग्याच्या उघड्या जखमेत आपल्या तोंडातले तुषार जाऊ नयेत, हा हेतू. त्यांनी त्या कापडाला नाव दिलं ‘मुंडबिंडे’. मुंड म्हणजे तोंड, बिंडे म्हणजे पट्टी. दोन्ही कुळांचं रक्ताचं नातं नाही, पण नावही तेच आणि मनही तेच.

पट्टीची दिशा फिरली ती 1910च्या अखेरीस, मांचुरियात. हार्बिनला फुप्फुसाचा प्लेग पसरला. पेनांगमध्ये जन्मलेल्या, केंब्रिजला शिकलेल्या डॉ. वू लिएन-तेह यांनी ओळखलं, की हा उंदरा-पिसवांचा नव्हे, श्वासाचा खेळ आहे. त्यांनी जाळीदार कापडात कापूस घालून जाड पट्ट्या करवल्या आणि डॉक्टरांना, सेवकांना बांधायला लावल्या. मेनी नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ते मानलं नाही. पट्टीशिवाय रोगी तपासले आणि थोड्याच दिवसांत ते गेले. त्या साथीत सुमारे 60 हजार माणसं दगावली. तेव्हापासून मास्क म्हणजे स्वतःचं चिलखत, ही समजूत रुजली.

घरात हीच समजूत घात करते. 2021च्या एप्रिलमध्ये दवाखान्यांत खाटा मिळेनात, आणि ‘गृहविलगीकरण’ हा जडजंबाल शब्द दोन खोल्यांच्या घरांत येऊन बसला. तेव्हा अनेक घरांत सगळे जण पट्टी बांधून, आणि खोकणारा मात्र उघडा. आधीच आजारी, त्याला आणखी जाच कशाला, ही माया. पण तोंडातून निघतानाचा तुषार ओला, मोठा असतो. तिथं साधं दोन-तीन पदरी कापडही त्यातला बराच भाग अडवतं. एकदा खोलीत सुटला की तो सुकून बारीक होतो, तरंगत राहतो आणि मग त्याला गाठणं अवघड. म्हणून आधी बांधायची ती आजाऱ्यानं, माणूस खोलीत आलं की तेवढ्यापुरती. सेवा करणाऱ्यानं बांधायची ती चांगली घट्ट. धाप लागलेल्याला मात्र पट्टी बांधत बसू नये, दवाखाना गाठावा. आणि दोन वर्षांखालच्या लेकराला ती बांधायचीच नाही.

आणि पट्टीच्या जोडीला खिडकी. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याला नेवाशात ‘पैस’ म्हणतात. मराठीत पैस म्हणजे ऐसपैस मोकळी जागा. दोन खोल्यांच्या घरात तो कुठून आणायचा? समोरासमोरचं दार-खिडकी उघडून वारा खेळता ठेवायचा, जमलं तर आजाऱ्याचं अंथरूण ओसरीवर टाकायचं.

पट्टी ओली झाली की बदलायची. काढताना पुढच्या कापडाला हात न लावता कानावरच्या दोऱ्या धरायच्या, मग हात धुवायचे. साबणानं धुऊन ती उन्हात टाकायची, आणि पुन्हा बांधण्याआधी उलगडून बघायची, कुठं विरली तर नाही ना.