फादरांचा खडू आणि संत जोसेफ वाझ

आपण नववीत होतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबोत गोव्याच्या एका धर्मगुरूंना, जोसेफ वाझ यांना, धन्यवादित म्हणून घोषित केले. त्याच आठवड्यात आपल्या प्रिन्सिपल फादरांनी सकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांची गोष्ट सांगितली होती. तुमच्यापैकी किती जणांना ती आठवते ठाऊक नाही. माझ्या लक्षात राहिला तो फादरांच्या हातातला कागद. त्यांचा हात थरथरायचा. कागद माइकला लागून फडफडत होता आणि आपली मुलींची रांग हसू दाबत होती.

इतिहासात मी कायम काठावर पास. पुढे इंजिनीअर झाले आणि वीसएक वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढली. तरीही स्मरणिकेसाठी इतिहासावरच लिहायचे ठरवले. का, ते शेवटी सांगते. आधी ती गोष्ट, जी मी तीस वर्षांनी नीट वाचून काढली.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ चा, गोव्यात सासष्टीतल्या बाणावलीचा. घर सांकवाळचे, मातृभाषा कोकणी. त्या काळी आपली वसईसुद्धा पोर्तुगीजांकडेच होती. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले. पण तेव्हा इथल्या माणसाने धर्मगुरू होणे म्हणजे दुय्यम राहणे. युरोपातून आलेल्या मोठ्या धर्मसंघांची दारे बहुतेक स्थानिक धर्मगुरूंना बंद होती. म्हणून काही गोवेकर धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात स्वतःचाच एक छोटा संघ, ऑरेटरी, सुरू केला. वाझ १६८५ मध्ये त्यात आले.

त्यांच्या मनात श्रीलंका होती. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले होते. कॅथलिक धर्मगुरूंना त्यांनी बेटावरून हाकलले आणि धर्मगुरूला आसरा देणाऱ्यालाही शिक्षा ठेवली. मागे राहिलेल्या कॅथलिकांना वर्षानुवर्षे मिस्सा नाही, पापनिवेदन नाही. युरोपियन फादर तिथे उतरला असता तर बंदरावरच पकडला गेला असता. वाझ मात्र मजुराच्या वेशात, अनवाणी, त्या गर्दीत मिसळून जाऊ शकत होते. ज्या रंगामुळे आणि जन्मामुळे गोव्यात त्यांना कमी लेखले जाई, त्याच गोष्टी तिथे उपयोगी पडल्या. हे वाचताना मी थांबले. शाळेत फादरांनी हे सांगितले असणार आणि मी तेव्हा कागदाकडे बघत असणार.

१६८७ मध्ये जॉन नावाच्या एका सोबत्याला घेऊन ते जाफन्याला पोचले ते काम करण्याच्या स्थितीतच नव्हते. प्रवासाने दोघेही खंगलेले आणि वाझांना जबर हगवण लागलेली. एका बाईने पेज आणून त्यांना जगवले, असे त्यांच्या चरित्रांत येते. म्हणजे लोकांना आधार द्यायला निघालेल्या माणसाची तिथली सुरुवात दुसऱ्याच्या हातची पेज पिण्याने झाली. बरे झाल्यावर ते दारोदार भीक मागू लागले. गळ्यात मुद्दाम जपमाळ. ती बघून कोणाचे डोळे चमकतात, कोण हळूच ओळख देतो, यावरून त्यांना आपली माणसे सापडली. मग रात्री, बंद घरांत, मिस्सा.

पुढे ते डोंगरातल्या कँडीच्या राज्यात गेले. तिथला राजा बौद्ध होता, डचांच्या ताब्याबाहेरचा. पण १६९२ मध्ये पोर्तुगीज हेर असल्याच्या संशयावरून त्यांना कैद झाली. कैदेत त्यांनी काय केले? सिंहली भाषा शिकले. पहारा सैल होत गेला आणि पुढे राजाचाच विश्वास बसला. सुमारे नऊ वर्षे त्या सगळ्या बेटावर ते एकटेच कॅथलिक धर्मगुरू होते. आमच्या कामात अशा व्यवस्थेला आम्ही नापास करतो. एक कडी तुटली की सगळे ठप्प! १६९७ च्या सुमारास गोव्याहून सोबती येऊ लागले आणि त्याच वर्षी कँडीत देवीची साथ आली.

राजा राजधानी सोडून गेला. लोकांनी आजारी माणसांना रानात नेऊन टाकले. वाझ आणि त्यांच्या नात्यातलेच तरुण फादर कार्व्हालो मागे राहिले. झोपड्या उभारल्या, रोग्यांना धुतले, भरवले, मेलेल्यांना पुरले. धर्म कोणता हे विचारले नाही. मला वाटते, जाफन्याची ती पेज त्यांना तेव्हा आठवत असणार. पुराव्याने नाही सांगत, माझे आपले वाटणे.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीत ते वारले, एकोणसाठ वर्षांचे असताना. गोव्याला परतले नाहीत. त्यांच्या मागून गोव्याचे धर्मगुरू श्रीलंकेत जातच राहिले. त्यांतले दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहलीत आणि तमिळमध्ये ग्रंथ लिहिले. १७९६ मध्ये डच गेले, पण बंदीतला तो समाज टिकून होता. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोतच वाझांना संतपद दिले.

संत पौलांनी करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शरीरातल्या एका काट्याचा उल्लेख आहे. तो काढून टाक म्हणून त्यांनी देवाला तीनदा विनवले, पण काटा राहिलाच. दुबळेपण असतानाच बळ पुरते, हे त्यांना त्यातून उमगले. म्हणजे दुखणे चांगले असते, असे नव्हे. देवीच्या रोग्याला वाझांनी दुखण्याचा महिमा सांगितला नाही, पाणी पाजले.

आता कारण सांगते. त्या प्रार्थनेनंतर दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत मी वर्गात फादरांची नक्कल करत होते. हात थरथरवत फळ्यावर लिहीत होते आणि तुम्ही हसत होतात. अचानक हसणे थांबले. फादर दारात उभे होते. काहीच बोलले नाहीत. पुढच्या तासाला त्यांनी मला बोलावले, खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माझं अक्षर आता कुणाला लागत नाही. मी सांगतो, तू लिही." दहावी संपेपर्यंत त्यांच्या तासाला फळ्यावर मीच लिहिले. ती शिक्षा आहे असेच मला कितीतरी दिवस वाटत होते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना पार्किन्सन्स झाल्याचे निदान झाले. बाबा पाहुण्यांसमोर चहा घेत नाहीत, हात मांडीखाली दाबून बसतात. त्यांना समजावताना मला फादर आठवले. फादरांनी हात लपवला नव्हता. चाळीस मुलांसमोर, नक्कल करणाऱ्या मुलीकडेच त्यांनी मदत मागितली होती. बाबांना मी खडूची ही गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कप अर्धाच भर." आता अर्धा कप भरते आणि खालून बशी धरते.

फादर आज नाहीत. त्यांची माफी मागायची राहून गेली. त्या दिवशी वर्गात होतो ते आपण सगळे मेळाव्याला भेटणार आहोत, म्हणून ती इथे, तुमच्यासमोर मागते आहे.